आया घराबाहेर जात नाहीत

४ जानेवारी

खाद्याच्या दुकानदाराने नव्या वर्षाची डायरी फुकट दिली. कव्हरवर कोंबडी. फुकटची आहे म्हणून लिहिते, नाहीतर या घरात माझं ऐकायला बसलंय कोण? नवरा खांबांवरच्या आमच्या घराखाली टांगलेल्या झोळीत पडून रेडिओ ऐकतो. पोरगी ऐकते, पण कालव्यापलीकडच्यांचं.

आज जेवताना पिमने भात चिवडत सांगितलं, "आई, थवतच्या घरचे बोलायला येणार आहेत."

"कशाबद्दल? कालव्याच्या पाण्याबद्दल?"

"लग्नाबद्दल."

थवत म्हणजे तिलापियावाल्या प्रानीचा मुलगा. पलीकडे त्यांचा खायच्या तिलापिया माशांची पिल्लं काढायचा कारखाना आहे, सिमेंटच्या टाक्यांच्या रांगाच्या रांगा. आमचे सनानराव झोळीतूनच म्हणाले, "पोरगा चांगला आहे."

"तुला रेडिओवरचा हवामानवालाही चांगलाच वाटतो," मी म्हटलं.

पोरगा कसाही असो. मला त्याची आई डोळ्यांसमोर नको. आमच्या बान पोंगमध्ये लढाऊ मासे पाळणारे पायलीला पन्नास आहेत, पण या लमुनचा नर म्हटलं की आखाड्यात माणसं उठून उभी राहतात. नर मी विकते, कुणीही घेऊन जा. माद्या नाही. लढायची खुमखुमी बापाकडून येत नाही, आईकडून येते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून पैदाशीच्या माद्यांना आम्ही आया म्हणतो, आणि आया घराबाहेर जात नाहीत. जास्त झाल्या तर कोंबड्यांना घालीन, पण शेजाऱ्याला देणार नाही.

बाहेर जायची त्यांची वाट एकच, मुलीच्या लग्नात. आजीने माझ्या आईला दिल्या, आईने मला. आता पिमचा हक्क. आणि पिम त्या नेणार कुठे? प्रानीच्या अंगणात! पिम लहान असताना हीच प्रानी माझ्या पायरीवर बसून म्हणाली होती, "लमुनताई, एखादी मादी दे ना, भाच्याला हवीय." मी तिला त्याच पायरीवरून खाली उतरवलं होतं. तेव्हा तोंडाने मागितली, आता पोरगा पुढे केलाय. मी काय दूधखुळी आहे?

१८ जानेवारी

आले एकदाचे. प्रानी रेशमी लुंगी नेसून, हातात विड्याच्या पानांचं तबक, मागे थवत संत्र्यांची टोपली घेऊन. मी पाणी दिलं. सरबत नाही, पाणी.

प्रानी गोड गोड बोलत होती. "तुमची पिम आमच्याकडे राणीसारखी राहील. आम्हाला काही नको. पिमचं जे आहे ते पिमचंच राहील."

पिमचं जे आहे ते! ऐकलंत? सगळं सोडून नेमकं हेच कसं तोंडात आलं?

"पिमचं आहे काय?" मी म्हटलं. "चार कपडे आणि एक मोडकी सायकल."

"आई!" पिम म्हणाली.

"काय आई? खोटं बोलले?"

थवत मान खाली घालून संत्री सोलत होता. सोललेली फोड त्याने आधी सनानला दिली, मग पिमला, मग मला. मी घेतली नाही. प्रानी निघताना म्हणाली, "अजून राग आहे होय तुमच्या मनात, त्या मादीचा? मी तर विसरूनसुद्धा गेले होते." विसरली असती तर नाव कशाला काढलं असतं? लबाड बाई.

ते गेल्यावर पिम माझ्याशी बोलली नाही. भांडी मात्र अशी आदळली, की कालव्यापलीकडे ऐकू गेली असतील. माझीच पोरगी ती.

२ फेब्रुवारी

सनानने हट्टच धरला, आपणही त्यांच्याकडे जाऊन यायला हवं, रीत आहे. गेले. थवतने सगळा कारखाना फिरवून दाखवला, जसा काही मी विकत घेणार होते.

एका शेडमध्ये पिठासारखं बारीक खाद्य पसरून वाळत घातलं होतं. मी विचारलं, हे काय. तो खुलला. "मावशी, हे हार्मोनचं. औषध दारूत विरघळवायचं, खाद्यावर शिंपडायचं, सावलीत वाळवायचं. अंड्यातून निघाल्याबरोबर पिल्लांना हेच चारायचं, की सगळे नर होतात. तिलापियात नर मोठा भरतो ना, आणि टाकीत माद्याच नसल्या की फुकटची पैदासही होत नाही."

"सगळे? एकही मादी नाही?"

"शंभरात एखादी चुकार."

"ज्या माद्या व्हायच्या होत्या त्याही नर होतात?"

"त्याही."

मी मान डोलावली. डोक्यात मात्र काहीतरी लख्ख झालं. पिम मागणार ती यंदाच्या पिल्लांतल्या तरण्या माद्या मागणार. रीतच तशी आहे, जुन्या आया आईच्या घरी राहतात, नव्या मुलीबरोबर जातात. नव्या माद्या झाल्याच नाहीत तर? नाही म्हणायची वेळच येणार नाही. सगळे नर निघाले, नशीब, मी काय करू? वर नर विकता येतील ते वेगळेच.

प्रानी कॉफी करायला आत गेली, थवत सनानला पंप दाखवायला घेऊन गेला. कोपऱ्यात भरून ठेवलेल्या पिशव्या होत्या. एक उचलली, लुंगीच्या ओच्यात घातली. चोरी म्हणायची तर म्हणा. माझ्या पायरीवर बसून आया मागणारीच्या घरातून उचललीय.

९ फेब्रुवारी

काळीची जोडी लावली. काळी म्हणजे माझी थोरली आई, आईकडून आलेल्या आयांच्या वंशातली. आधी दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या, मध्ये पुठ्ठा. पुठ्ठा काढला की नराने कल्ले फुलवले, रंग असा चढला की शाईच सांडली जणू. काळीच्या अंगावर उभे पट्टे आले, म्हणजे बाई राजी. मग दोघांना नागाच्या नक्षीच्या लहान रांजणात सोडलं, वर बदामाचं वाळकं पान. नराने पानाखाली फेसाचं घरटं बांधलं, बुडबुड्याला बुडबुडा जोडत. मग ती दोघं. तो तिला अंगाने वेढतो, अंडी खाली पडतात, तो धावत जाऊन एकेक तोंडात धरतो आणि नेऊन फेसात ठेवतो.

अंडी घालून झाली की नराचा नूर पालटतो. आता तीच त्याची वैरीण. वेळेवर काढली नाही तर फाडून टाकेल. मी काळीला अलगद काढून आयांच्या मोठ्या रांजणात सोडलं. बाकीच्या दोघी तिथेच असतात. नर एकटा राहिला घरट्याखाली पहारा देत.

सनान येऊन बघत होता. "बापच सगळं करतो बिचारा," म्हणाला.

"आणि आई नसती तर करायला काय असतं?" मी म्हटलं. पिमच्या लहानपणी मी दिवसभर रांजणांपाशी असायचे, तेव्हा पिमच्या वेण्या तोच घालायचा. ते ऐकवायचं असेल त्याला. ऐकवू दे.

२६ फेब्रुवारी

पिल्लं पोहायला लागल्यापासून प्रानीच्या घरचं पीठ चारतेय. चिमूटभर, दिवसातून चार वेळा. एरवी उकडलेल्या अंड्याचं पिवळं आणि मग तांबडे पाणकिडे. पिल्लं पीठ आवडीने खातात.

पीठ तळाशी बसतं, पाणी लवकर खराब होतं, म्हणून रबरी नळीने वरचेवर काढावं लागतं. बदामाच्या पानांनी चहासारखं मुरलेलं जुनं पाणी मी कधी फेकत नाही. माझ्या आईने फेकलं नाही, आजीने नाही. फडक्यातून गाळून आयांच्या रांजणात घालते. या पाण्याने आयांची कातडी निरोगी राहते, अंगावर चमक येते.

पिमने विचारलं, "आई, हे कुठलं खाद्य?"

"दुकानातलं."

"वास ओळखीचा वाटतो."

"तुला हल्ली पलीकडचेच वास ओळखीचे वाटतात."

१३ एप्रिल

सोंगक्रान, आमचा नव्या वर्षाचा पाण्याचा सण. पोरं रस्त्यावर एकमेकांना भिजवून काढतायत. पिमने रीतीप्रमाणे आमच्या हातांवर सुगंधी पाणी ओतलं, पाया पडली. सनानच्या डोळ्यांत पाणी. मी आशीर्वाद दिला. लांबलचक नाही दिला.

मग ती तिथेच बसून राहिली. "आई, भिक्खूंनी वर्षावास लागायच्या आधीचा मुहूर्त काढून दिलाय. जूनमध्ये."

"कळलं."

"आणि... यंदाच्या माद्यांतल्या मला तीन दे. जास्त नको. त्यांना बघायला यायला तुला लांब पडणार नाही. साकवावरून आलीस की झालं."

म्हणजे बघा! माझ्याच आया, आणि मी त्यांना बघायला प्रानीच्या दारात जायचं!

"बघू काय निघतं ते," मी म्हटलं.

"मी रोज त्यांच्यापाशी बसेन, तू बसतेस तशी."

"बघू म्हटलं ना."

तिचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण मी ते दाखवलं नाही.

६ मे

पिल्लं मोठी झाली, बाटल्यांत वेगळी केली. एकूण एक नर. पोटाखाली अंड्याचा पांढरा ठिपका असलेली एकही नाही. मी दोनदा बघितलं. मग अंगणात बसून खूप हसले.

पिमला सांगितलं. ती प्रत्येक बाटली उचलून, उजेडात धरून बघत राहिली. "असं कधी झालं होतं, आई?"

"नशीब असतं."

"एकही नाही?"

"मी काय पोटात हात घालून बदलले?"

तिने शेवटची बाटली हळू खाली ठेवली. रडेल असं वाटलं, रडली नाही. माझ्यासारखी आहे, लोकांसमोर रडायची नाही.

११ मे

हवालदार प्रचुअप आला होता. निवृत्त झालाय, पण मिशा अजून नोकरीत आहेत. माझे नर तोच आखाड्यात नेतो. बाटल्यांची रांग बघून खूश. पण खरं सांगायचं तर हे नर मला विचित्रच वाटतात. हात दिसला की कल्ले फुलवतात, भिंतीवर सावली पडली की फुलवतात. जेवायचंही सोडून काचेवर तोंड आपटत राहतात. मी म्हटलं, आईवर गेलेत.

प्रचुअप एक उचलून म्हणाला, "मावशी, हा भडकतो भारी. पण जो उठसूट भडकतो तो आखाड्यात टिकत नाही बघा, दमून जातो."

"तुझ्या मिशांसारखं थोडंच आहे, नुसतं दाखवायला," मी म्हटलं. तो हसला, आणि निम्मेच घेऊन गेला.

१९ मे

घात झाला, घात. सकाळी आयांच्या रांजणाचं झाकण काढलं. दोन आया मेलेल्या. शेपट्या कुरतडलेल्या, कल्ल्यांजवळ मांस उघडं. आणि तिसरी, माझी काळी, कल्ले फुलवून माझ्या बोटावर धावली. पाण्यावर फेस. फेसाचं घरटं! बुडबुड्याला बुडबुडा जोडलेला.

मादी घरटं बांधत नाही. आजीच्या काळात नाही, माझ्या काळात नाही. मादी अशी कल्लेही फुलवत नाही. म्हणजे हा नर आहे. म्हणजे कुणीतरी माझी काळी नेली, तिच्यासारखाच काळा नर आणून सोडला, आणि त्याने दोघींना मारलं. आणि हे कुणी केलं ते सांगायला ज्योतिषी नको.

सनान म्हणाला, "लमुन, जरा थांब, नीट बघ."

मी नाही थांबले. मासा बाटलीत घेतला आणि निघाले.

२० मे

काल पुढचं लिहवेना. आज लिहिते.

साकवावरूनच ओरडत गेले. "प्रानी! बाहेर ये! तोंडाने मागून मिळाली नाही म्हणून चोरून नेलीस होय गं?" आजूबाजूची माणसं जमली. पिम तिथेच होती, लग्नाच्या मांडवाची मापं घेत होते ती आणि थवत. मी पिमलाही सोडलं नाही. "आणि तू! घरभेदी! हीच दार उघडून देणारी!"

प्रानी बाहेर आली, हाताला पीठ. "काय झालं लमुनताई?"

"माझी काळी कुठे आहे?"

थवतने माझ्या हातातून बाटली घेतली. मी देत नव्हते, पण त्याने अशी धरली, की सोडावीच लागली. त्याने ती उजेडात तिरकी केली.

"मावशी, ही तुमचीच आहे."

"मला शिकवतोस? घरटं बांधतेय ती!"

"पोटाखाली बघा. पांढरा ठिपका आहे."

मी बघितलं. होता. आयुष्यभर पहिल्यांदा तिथेच बघत आले, आणि काल बघितलं नव्हतं. तिच्या डाव्या डोळ्यामागची जुनी खूणही होती.

थवतने हळू आवाजात विचारलं, "यांच्या रांजणात पाणी कुठलं घालता?"

"पिल्लांचं मुरलेलं. नेहमीचंच."

"आणि पिल्लांना काय चारलंत?"

मी म्हटलं, "दुकानातलं."

त्याने बाटली पुन्हा उजेडात धरली. मग म्हणाला, "खाद्यातलं औषध पाण्यात उतरतं, मावशी. आम्ही ते पाणी खड्ड्यात सोडतो, कालव्यातसुद्धा नाही सोडत. मोठ्या मादीच्या अंगात गेलं की ती नरासारखी वागायला लागते. भांडते, फेस करते. अंडी..." पुढचं त्याने गिळलं.

प्रानी म्हणाली, "फेब्रुवारीत शेडमधली एक पिशवी..."

"आई, राहू दे," थवत म्हणाला. "असेल काहीतरी. पाणी खराब होतं कधी कधी."

तो मला झाकत होता. त्याने झाकलं म्हणून मला जास्तच संताप आला.

पण पिमसमोर काही झाकून राहत नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मला द्यायला लागू नयेत म्हणून केलंस."

मी थवतच्या हातातली बाटली मागायला हात पुढे केला.

"तीन मागितल्या होत्या मी. नाही म्हणाली असतीस तर भांडले असते आणि गप्प बसले असते. आई, तू त्यांना जन्मालाच येऊ दिलं नाहीस."

लोक बघत होते. मी बाटली घेतली आणि परत आले. साकवावर सनान समोरून येत होता, धापा टाकत. त्याला ओलांडून पुढे गेले.

७ जून

लग्न झालं. भिक्खू आले, मंत्र झाले, आम्ही दोघांच्या हातांवर शंखातून पाणी सोडलं. पिम सुंदर दिसत होती, हे लिहायला हरकत नाही. माझ्याकडे बघून हसली, इतर पाहुण्यांकडे बघून हसत होती तशीच.

निघताना तिने आपली दोन बोचकी स्वतः उचलली. सनान रडत होता. मी मागच्या दारी जाऊन कोंबड्यांना दाणे टाकले. दाणे आधीच टाकलेले होते.

१६ जून

थवत येतो. रोज. पावसाच्या पाण्याचे डबे घेऊन, सायकलवरून. "स्वच्छ पाण्यात ठेवा, रोज बदला, कदाचित उतरेल," म्हणतो. मिरवायला येतो, दुसरं काय. जाताना सनानशी दोन शब्द बोलतो. पिमचं विचारलं नाही मी. सनानने विचारलं, म्हणून कळलं, की ती बरी आहे, मिरचीची चटणी प्रानीपेक्षा तिखट करते.

जुनं पाणी फेकून दिलं. आजीच्या काळापासूनचं मुरवण. कालव्यात नाही, खड्ड्यात.

२ ऑगस्ट

काळी आता फेस करत नाही. कल्ले फुलवणं थांबलं. आज सकाळी शेजारच्या बाटलीतला नर दिसताच तिच्या अंगावर उभे पट्टे आले. मी ओरडलेच, "सनान! राजी झाली!"

हा जुना नर आहे, दोन वर्षांपूर्वीचा, ते पीठ न खाल्लेला. दोघांना रांजणात सोडलं. अशी बिथरून सावरलेली मादी असली की जोडी लावताना माणसं दोन लागतात, एक नराकडे बघायला, एक मादीकडे, कोण कुणाला फाडतं ते वेळेवर कळायला. सनानला जाड चष्म्यातूनही नीट दिसत नाही. तो न विचारताच साकवावरून गेला आणि पिमला घेऊन आला.

ती आली. नमस्कार केला, माझ्यासमोर रांजणाच्या पलीकडे बसली. "मी मादीकडे बघते," म्हणाली. एवढंच. लहानपणी बसायची तशी, गुडघ्यावर हनुवटी टेकून.

नराने घरटं बांधलं. दुपारी तो तिला घरट्याखाली घेऊन गेला, अंगाने वेढलं. आम्ही दोघी श्वास रोखून. त्याने तिला सोडलं आणि सवयीप्रमाणे खाली धावला.

खाली काही पडलं नव्हतं.

तो तळापर्यंत गेला, पानाखाली बघितलं, परत वर आला. पुन्हा वेढलं, पुन्हा धावला. तोंड उघडून शोधत राहिला. पुन्हा. किती वेळा ते मोजलं नाही. काळी शांत होती. तिच्या पोटात काही उरलेलं नाही, हे तिला माहीत असतं की नाही, कोण जाणे. नर मात्र मानायला तयार नव्हता.

मी म्हटलं, "थोड्या वेळाने पडतील. पहिल्या खेपेला उशीर होतो."

पिम माझ्याकडे बघत राहिली. वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं.

तिने हात घालून काळीला अलगद ओंजळीत घेतलं, नराने फाडायच्या आत. अगदी मी घेते तसं, बोटं न टोचता. वेगळ्या बाटलीत सोडलं, झाकण लावलं, आणि बाटली माझ्याकडे सरकवली.

"घे, आई," ती म्हणाली. "कुणी नेली नाही. राहिली तुझ्याचकडे."

मग हात पुसून ती उठली आणि साकवावरून गेली.